घड्याळाचा सैनिकी पट्टा

घड्याळाची गोष्ट निघाली म्हणजे लोक त्याच्या यंत्राविषयीं बोलतात, तबकडी न्याहाळतात, तें कोणत्या देशांत झालें हें विचारतात. ज्या पट्ट्यानें तें मनगटास बांधलेलें असतें, त्याची विचारपूस मात्र बहुधा तो तुटल्यावरच होते. अशा या दुर्लक्षित वस्तूंपैकीं एका पट्ट्यास गेल्या कांहीं वर्षांत विलक्षण मान मिळाला आहे. हा पट्टा म्हणजे ब्रिटिश सैन्यांतील नायलॉनचा साधा, करड्या रंगाचा पट्टा. बाजारांत त्यास ‘नाटो’ पट्टा म्हणतात.

मनगटास घड्याळ बांधणें ही युरोपांत एके काळीं स्त्रियांची रीत समजली जात असे. पुरुषाचें घड्याळ खिशांत, साखळीस अडकविलेलें. ही रीत पालटली ती रणभूमीवर. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत कांहीं ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं खिशांतलें घड्याळ चामड्याच्या खोबणींत बसवून मनगटास बांधलें; आणि १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धांत तर ती गरजच होऊन बसली. आपल्या तोफांचा मारा कोणत्या मिनिटास थांबावयाचा आणि पायदळानें केव्हां खंदकाबाहेर पडावयाचें, हें घड्याळावर ठरत असे. दोन मिनिटें लौकर निघालेली तुकडी आपल्याच गोळ्यांखालीं सांपडावयाची. अशा वेळीं एका हातांत शस्त्र धरून दुसऱ्या हातानें कोटाचा खिसा चाचपडणाऱ्याची अवस्था काय होईल, हें सांगावयास नकोच.

तेव्हांपासून घड्याळ मनगटावर राहिलें. प्रश्न राहिला तो पट्ट्याचा. चामडें दिसावयास सुंदर खरें, परंतु घाम आणि पाणी हे त्याचे शत्रू. कोंकणांत ज्यानें एक पावसाळा काढला आहे, त्यास बुरशी धरलेला आणि वास मारणारा पट्टा निराळा दाखविण्याचें कारण नाहीं. दुसरा दोष याहून घातक. चामड्याचा पट्टा दोन तुकड्यांचा असतो व प्रत्येक तुकडा घड्याळाच्या कानांतील एका बारीक स्प्रिंगच्या दांडीवर लोंबकळत असतो. एक दांडी निसटली कीं घड्याळ गेलेंच. म्हणून ब्रिटिश सैन्यानें आपल्या पुष्कळ घड्याळांत निघणाऱ्या दांडीऐवजीं कायमची पक्की दांडी बसविली. अशा दांडीवर नेहमींचा पट्टा चढत नाहीं; तिच्यामागून ओंवतां येईल असा सलग पट्टाच लागतो.

त्यासाठीं योग्य असा धागा रसायनशाळेंतून आला. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनींत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानें १९३५ सालीं नायलॉन तयार केलें. त्याचा गाजावाजा झाला तो १९४० मध्यें, स्त्रियांच्या पायमोज्यांमुळें. आणि लागलीच युद्धानें तें सारें हवाई छत्र्या व दोर यांसाठीं ओढून घेतलें. खुद्द कॅरोदर्सनें मात्र १९३७ सालींच आपल्या हातानें जीवनयात्रा संपविली होती. आपल्या धाग्याचें वैभव पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

३० नोव्हेंबर १९७३ रोजीं ब्रिटिश संरक्षण खात्यानें ‘डिफेन्स स्टँडर्ड ६६-१५’ हें मानक काढलें व त्यांत या पट्ट्याचें रूप ठरवून दिलें: नायलॉन, रुंदी २० मिलिमीटर, धातूचें बक्कल व धातूच्याच कड्या, आणि रंग एकच, आरमारी करडा. सैनिकास पट्टा हवा असल्यास ‘जी १०९८’ हा कागद भरावा लागे, म्हणून सैनिकांच्या तोंडीं त्याचें नांव पडलें ‘जी-टेन’. ‘नाटो’ हें नांव निव्वळ गैरसमजांतून आलें आहे. १९४९ सालीं स्थापन झालेल्या त्या राष्ट्रसंघटनेनें हा पट्टा सुचविला नाहीं कीं आपल्या सैन्यांस सक्तीचाही केला नाहीं. संघटनेच्या पद्धतीप्रमाणें कोठारांतील प्रत्येक वस्तूस तेरा आंकड्यांचा क्रमांक असतो, मग ती तोफ असो कीं खिळा. तसा तो या पट्ट्यासही होता. क्रमांकाचें नांव वस्तूस चिकटलें, आणि व्यापाऱ्यांस तें भारदस्त वाटल्यामुळें तें कोणी पुसलें नाहीं.

पट्ट्याची रचना मोठ्या अकलेची आहे. लांब पट्टा एका दांडीमागून घड्याळाच्या पाठीखालीं जातो व दुसऱ्या दांडीमागून वर येतो. बक्कलाजवळ आणखी एक आंखूड पट्टी जोडलेली असून तिच्या टोंकास कडी असते. लांब पट्टा या कडींतून ओंवला म्हणजे घड्याळ त्या दोहोंच्या मध्यें अडकून राहतें; बक्कल सोडलें तरी तें घसरून पडत नाहीं. साध्या घड्याळाची एक दांडी तुटली, तरी दुसरी तें धरून ठेवते. भोंकांच्या कडा उष्णतेनें वितळवून बंद केलेल्या असल्यामुळें सूत उसवत नाहीं.

याचें मोल पाण्याखालीं कळतें. १९७० नंतरच्या दशकांत ब्रिटिश आरमारांत समुद्रांत बुडी मारणाऱ्यांस रोलेक्सचीं पक्क्या दांडीचीं घड्याळें दिलेलीं होतीं. खोल पाण्यांत दाबामुळें श्वासांतील नायट्रोजन रक्तांत विरघळतो. तेथें किती वेळ राहिलों हें ठाऊक नसतां माणूस घाईनें वर आला, तर त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधे आंखडतात, लकवा होतो, प्रसंगीं प्राणही जातो. त्या काळोखांत मनगटावरील घड्याळ गळून पडणें म्हणजे काय, याची कल्पना करावी. तींच घड्याळें आज लिलावांत प्रचंड किमतीस जातात व कांचेच्या कपाटांत विसांवतात!

मग ज्यास खंदक नाहीं कीं समुद्र नाहीं, अशा गृहस्थास हा पट्टा कां हवासा वाटतो? चित्रपट हें एक कारण खास. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्यें शॉन कॉनरीच्या मनगटावर पट्ट्यापट्ट्यांचा नायलॉनचा पट्टा दिसतो. तो घड्याळाच्या कानांपेक्षां चांगलाच अरुंद आहे. दोहों बाजूंस फट उघडी पडलेली दिसते. ब्रिटिश मानक त्यानंतर नऊ वर्षांनीं आलें, तेव्हां तो ‘नाटो’ पट्टा खचित नव्हे. पुढें लोकांनीं तो काळा-करडा समजून तशीच नक्कल सर्वत्र विकली. चित्रपटाच्या स्वच्छ प्रती आल्या तेव्हां रंग गर्द निळा, हिरवट व लाल निघाले. तरीही काळ्या-करड्याचा खप थांबला नाहीं. २०१५ च्या ‘स्पेक्टर’मध्यें तर बाँडच्या ओमेगावर काळा-करडा पट्टाच आला.

परंतु सारें श्रेय नटास देणें न्याय्य नव्हे. ब्रिटिश पलटणींत आपापल्या रंगांचे पट्टे बांधण्याची हौस जुनीच आहे. राजाच्या रक्षकदळाचा निळा-लाल-निळा पट्टा प्रसिद्धच आहे. सामान्य माणसास तीच हौस अल्प खर्चांत पुरवितां येते. दांडी न काढतां पट्टा क्षणांत बदलतां येतो. मळला तर साबणानें धुवावा व वाळत टाकावा. उंची घड्याळास असा साधा पट्टा बांधला कीं तें दागिना न राहतां हत्यार वाटूं लागतें, आणि ही गोष्ट पुरुषांस मनांतून फार आवडते, हें कोणी कबूल करो वा न करो.

दोषही आहेतच. घड्याळाच्या पाठीखालून पट्टा जात असल्यामुळें तें मनगटावर उंच बसतें, बाहीस अडतें. आधींच जाड असलेलें घड्याळ तर डबी बांधल्यासारखें दिसतें. पाठीमागून यंत्र दिसावें म्हणून जेथें कांच बसविलेली असते, तेथें ती शोभा झांकून जाते. हलक्या मालाच्या कडा लौकर पिंजारतात व हातास टोंचतात. बारीक मनगटाच्या माणसास उरलेलें लांब टोंक परत दुमडून कडींत खोंवावें लागतें. वाकडें खोंवलें तर बाहीचा धागा त्यांत अडकतो, म्हणून दुमड करतांना टोंक सरळ ओढून घ्यावें.