रिकामा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे. ‘मला आवडलेला चित्रपट’ हा विषय मिळाला, म्हणून ‘द लंचबॉक्स’ या हिंदी चित्रपटाविषयी चार शब्द सांगते. रितेश बत्रा यांचा हा चित्रपट २०१३ सालचा. मुलीने तो घरीच लावून दाखविला.

मुंबईसारख्या अफाट शहरात कोण कोणाचे? पण इथे एका डब्याने किती माणसे जोडली जातात! इला नावाची गृहिणी नवऱ्यासाठी मन लावून डबा करते. तो चुकून साजन फर्नांडिस या विधुर कारकुनाकडे जातो. मग डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. साजनच्या हाताखाली शेख नावाचा अनाथ तरुण येतो. त्या डब्यातले दोन घास त्यालाही मिळतात. इलाच्या वर राहणाऱ्या देशपांडे काकू खिडकीतून टोपली सोडून मसाला देतात. त्या दिसत नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज येतो. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा त्या वर्षानुवर्षे करीत असतात.

मला तो जवळचा वाटला, कारण माझे माहेर अकोले तालुक्यातले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावप्रमाणे आपल्या अकोले-संगमनेरकडची माणसेही मुंबईत डबे पोचवीत आली. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केले असे सांगतात. माझ्या वडिलांनी ते पंचवीस वर्षे केले. झाकणावरच्या खुणांवरून स्टेशन, इमारत, मजला ओळखायचा. आत काय आहे, ते कोणी रांधले, हे त्यांना कधी कळले नाही. चित्रपट पाहून ते रागावलेच. “रोज त्याच चुकीच्या टेबलावर डबा? असे व्हायचेच नाही!”

पहिल्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा येतो, तेव्हा इलाला केवढा आनंद होतो! पण रात्री नवरा भलत्याच भाजीचे नाव घेतो आणि तिला कळते, जेवला तो दुसराच कोणी. तिथे माझ्या पोटात चर्र झाले.

आमचे हे बावीस वर्षे डबा नेतात. डबा रिकामा आला की मी समाधानाने घासून ठेवी. त्या रात्री धीर करून विचारले, “अहो, डबा आवडतो ना?” हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “बाजरीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. दाढा काढल्यापासून चावत नाही. शेजारच्याला देतो.”

“मग सांगितले का नाही?”

“तू पहाटे पाचला उठून करतेस. कसे सांगू?”

मला रडूच आले. माझे मन राखायला ते अर्धपोटी राहिले, आणि मी रिकाम्या डब्यालाच शाबासकी समजत बसले.

भगिनींनो, शहरातली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत असे आपण म्हणतो. पण एका चुलीपाशी बसणारी तरी कुठे ओळखतात? रिकामा डबा बोलत नाही; विचारावे लागते.

आता मी भाकरीऐवजी तुपाचा हात लावलेली मऊ चपाती देते. मी दुपारी काय जेवते, हे मात्र त्यांनी अजून विचारलेले नाही. विचारले, तर पुढच्या वर्धापनदिनी सांगेन.