बऱ्हाणपूरचे पाणी

नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या कोरीट गावची माणसे पर्वणीला प्रकाशे येथे तापीस्नानाला जातात. परंतु ते पाणी कोणकोणत्या गावांवरून वाहत येते, हा विचार माझ्या मनात प्रथम आला तो गेल्या हिवाळ्यात, आम्ही सहकुटुंब अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने प्रवाहाच्या उलट निघालो तेव्हा.

डाव्या हाताला सातपुडा, उजव्या हाताला तापीचे खोरे. शहादे, शिरपूर, चोपडे मागे पडले आणि यावल ओलांडल्यावर फैजपूर, सावदा, रावेरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. रावेरजवळ एका बागेत घडांची कापणी चालली होती. विळ्याचा घाव बसताच खाली येणारा घड अलगद खांद्यावर झेलून मजूर ओल्या सरीतून बांधापर्यंत असे चालत, की एकाही फणीला ओरखडा उठू नये. फळाला डाग पडला की भाव उतरतो. मजुरांचे सदरे मात्र केळीच्या चिकाने काळे पडले होते.

बऱ्हाणपूर हे मोगल अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे. येथेच १६३१ साली मुमताजमहलचे देहावसान झाले आणि ताजमहालापूर्वी तापीपलीकडच्या जैनाबादेत तिचे दफन झाले. जामा मशिदीत मोगलांपूर्वीच्या फारुकी राजांची वंशावळ चक्क संस्कृतात कोरलेली आहे. ती पाहून मन प्रसन्न झाले. परंतु त्या शहराचे खरे वैभव मला दिसले ते कुंडी भंडाऱ्यात. १६१५ च्या सुमारास, मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले आणि त्या मार्गावर शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या गेल्या. खाली उतरलो, तो भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले आणि पायांशी निवळशंख पाणी संथ वाहत असलेले. खडकाच्या त्या अंधारात ज्यांनी पहारी चालविल्या, त्यांची वंशावळ कोणत्याही भिंतीवर मला आढळली नाही.

इतिहास पाहावयास आपण निघतो तेव्हा सनदा आणि शिलालेख ज्यांच्या नावाचे, त्यांच्यापाशीच थांबतो. श्रोतेहो, बऱ्हाणपूरला अवश्य जा. मात्र वाटेत रावेरजवळ घटकाभर गाडी थांबवा, आणि घड वाहणाऱ्या एखाद्या माणसाला त्याचे नाव विचारा.