दाढी, टोपी, चिंध्या: माणूस ओळखायचा कशावरून?



‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. परीक्षेत तिच्यावर निबंधही लिहिला असेल. पण शाळेच्या फाटकाबाहेर पडलो की तिथूनच आपण कपड्यांवरून माणसे मोजायला लागतो. म्हणून आज उपदेश थोडा बाजूला ठेवून आपल्याच शहरातल्या एका माणसापासून सुरुवात करू.

1861 मध्ये कामठीत एक मूल जन्मले. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. मोठा झाल्यावर तो फौजेत भरती झाला आणि सागरला गेला. तिथे त्याचे मन नोकरीत रमेना. नोकरी सोडून तो कामठीला परत आला तेव्हा कपड्यांचे भान नव्हते, बोलणे लोकांना उमगत नव्हते. चरित्रकार सांगतात की रस्त्यातली पोरे त्याला दगड मारायची. 1892 मध्ये त्याची रवानगी नागपूरच्या पागलखान्यात झाली. तिथे तो सुमारे 16 वर्षे होता. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी सरकारकडे 2000 रुपयांची हमी भरून त्याला बाहेर काढले आणि सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले.

त्या माणसाचे नाव तुम्ही ओळखलेच असेल. बाबा ताजुद्दीन. 17 ऑगस्ट 1925 रोजी त्यांचा इंतकाल झाला. उमरेड रोडवरच्या ताजबागेत आज हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिश्चन सगळे जातात.

दर्गा आणि वलींबद्दल या सभागृहात बसलेल्यांची मते एकसारखी नसतील. तो वाद आज नको. मला फक्त बघणाऱ्यांच्या डोळ्यांविषयी बोलायचे आहे. दगड मारणारी पोरे, छावणीतले साहेब, बाबांना आत टाकणारे अधिकारी ही काही राक्षस मंडळी नव्हती. तुमच्या-माझ्यासारखीच माणसे होती. त्यांनी अंगावरचे कपडे पाहिले आणि निकाल दिला. आणि निकाल एकदा लागला की तो 16 वर्षे चालला.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. बाबांची कीर्ती झाल्यावर काही लोकांनी भलताच धडा घेतला. चिंध्या दिसल्या की वली, हिरवा कफनीवाला दिसला की पोहोचलेला माणूस! मग अशाच कुणाच्या तरी पायाशी लोक पगार आणि आईचे दागिने नेऊन ठेवतात. चिंध्या पाहून वेडा म्हणणारी नजर आणि चिंध्या पाहून वली म्हणणारी नजर, या दोन्हींत मला फरक दिसत नाही. दोन्ही वेळा माणूस पाहिलाच नाही, फक्त कपडा पाहिला.

मित्रांनो, या नजरेची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक असणार? 2 जून 2014 ची रात्र. पुण्यातल्या हडपसरमध्ये मोहसीन शेख हा सोलापूरचा तरुण नमाज पढून घरी चालला होता. आयटी कंपनीत नोकरी करणारा, घरच्यांचा आधार. त्या दिवसांत फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांमुळे शहरात तणाव होता. त्या चित्रांशी मोहसीनचा काडीचाही संबंध नव्हता. डोक्यावर टोपी होती, चेहऱ्यावर दाढी होती, एवढीच त्याची ‘ओळख’ जमावाला पुरली. जमावाने त्याला मारून टाकले. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यातल्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्याच्या घरच्यांनी काय सोसले असेल, ते शब्दांत मांडणे अवघड आहे.

आपल्या नागपुरातही 17 मार्च 2025 च्या रात्री महाल आणि हंसापुरीत काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. संचारबंदीच्या त्या दिवसांत समोरून येणाऱ्याच्या कपाळावर टिळा आहे की गालावर दाढी, एवढ्यावरून माणसे पावले मागे घेत होती. दोन्हीकडची.

म्हणून आपण म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो: आमच्या दाढीवरून आम्हाला ओळखू नका. आमच्या बहिणीच्या हिजाबवरून तिची अक्कल आणि तिची देशभक्ती मोजू नका. हे मागणे न्यायाचे आहे. ते आपण कायद्याने मागू, लोकशाही मार्गाने मागू आणि मागतच राहू.

पण हाच न्याय आपण आपल्या मोहल्ल्यात देतो का? जीन्स घालणारा, केस रंगवलेला मुलगा मशिदीत आला तर पहिल्या सफेतून त्याच्याकडे कशा नजरा वळतात? ओढणी न घेणारी मुलगी दिसली की तिच्या चारित्र्याचा निकाल चहा थंड होण्याआधी लागतो. याउलट शेरवानी, अत्तर आणि गोड उर्दू असली की तो माणूस नेक! त्याच्या दुकानातल्या पोराला तीन महिने पगार मिळाला नाही, त्याने बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवला, हे विचारायचे कुणालाच सुचत नाही. टिळा पाहून अंतर ठेवणारेही आपल्यात आहेतच. बाबांच्या सुटकेसाठी स्वतःची हमी देणारा माणूस भोसल्यांचा हिंदू राजा होता, हेही त्यांनी कधी आठवावे.

वेशावर विश्वास टाकण्याचा फटका किती मोठा असतो, ते बंगळुरूच्या आयएमए कंपनीने दाखवले. व्याज नको, हलाल नफा घ्या, असे सांगून तिने वर्षानुवर्षे लोकांकडून पैसे गोळा केले. जून 2019 मध्ये कंपनीचे प्रमुख दुबईला निघून गेले. जुलैमध्ये परतल्यावर त्यांना अटक झाली. घोटाळ्याचा आकडा सुमारे 4000 कोटी सांगितला गेला. पैसे अडकलेले बहुतेक लोक साधे मुसलमान होते. कुणाची निवृत्तीची रक्कम, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे. दीनी भाषा आणि दीनी चेहरा यांवर त्यांनी भरवसा टाकला. कंपनीचा नफा नेमका कोणत्या धंद्यातून येतो, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

यावरून कुणी म्हणेल, म्हणजे दाढीवाले सगळे लबाड! नाही. ती तीच चूक झाली, फक्त उलटी. माझे पोशाखाशी भांडण नाही. दाढी सुन्नत आहे. हिजाब आपल्या बहिणींच्या श्रद्धेचा भाग आहे. तो त्या व्यक्तीचा आणि तिच्या रबचा मामला आहे. पण दुसऱ्याला तोलायचा तराजू म्हणून तो दिलेला नाही. अल्लाह तुमचे चेहरे पाहत नाही, तुमची मने आणि तुमची कर्मे पाहतो, अशा अर्थाची प्रसिद्ध हदीस आहे. मुनाफिकांचे वर्णन करताना कुरआनही सांगतो की त्यांची शरीरे पाहून तुम्हाला छान वाटेल. म्हणजे रुबाबदार दिसणे हा ईमानाचा पुरावा नव्हे, हे आपल्याला 1400 वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

मग माणूस ओळखायचा कसा? हजरत उमर यांची एक रिवायत सांगितली जाते. एक जण दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही देऊ लागला. हजरत उमर यांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नाही असे आले. तेव्हा ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. मशिदीत त्याला मान वर-खाली करताना पाहिले असशील, एवढेच.

पाहा, या तीन प्रश्नांत कपडा कुठेच नाही. शेजार, प्रवास आणि पैसा, तिन्ही ठिकाणी माणसाला रोज वागावे लागते. वेश एका सकाळी बदलता येतो. शेजाऱ्याशी 10 वर्षे चांगले वागण्याचे सोंग आणता येत नाही.

हे तीन प्रश्न आपण रोजच्या कामात वापरू या. घरात स्थळ आले तर मुलाच्या नमाजी असण्याबरोबरच त्याच्या शेजाऱ्यांना आणि त्याच्याकडे काम करणाऱ्यांना विचारा. कुणी हलाल नफ्याची योजना आणली तर कागद मागा, नोंदणी पाहा, पैसा कुठे लागतो ते विचारा. विचारणे म्हणजे बदगुमानी नव्हे, ती अमानतीची काळजी आहे. मशिदीची कमिटी निवडताना किंवा प्रभागातल्या उमेदवाराला मत देताना हिशेब कोण दाखवतो ते बघा. टोपीचा फोटो असो की भगव्या गमछ्याचा, मोबाइलवर आलेला व्हिडिओ माहितीची खात्री झाल्याशिवाय पुढे पाठवू नका. तुमच्या एका बोटाने कुणाच्या तरी दारापर्यंत जमाव जाऊ शकतो.

पहिली नजर पडणारच, ती कुणाला चुकलेली नाही. पण पहिली नजर म्हणजे निकाल नव्हे. निकालाची घाई नसावी आणि जिथे आपला संबंधच नाही तिथे निकाल देऊच नये. चुकीच्या निकालाची भरपाई करता येत नाही. पागलखान्यातली ती 16 वर्षे कुणी परत केली नाहीत. मोहसीनचे आयुष्यही कुणी परत करणार नाही.

शेवटचे एकच सांगतो. लोक तुमच्याकडे पाहतात तेव्हा त्यांना आधी तुमचे नाव आणि वेश दिसणार, हे लगेच बदलणारे नाही. पण तुमचा शेजारी, तुमच्याबरोबर प्रवास करणारा आणि तुमच्याशी व्यवहार करणारा, या तिघांनी तुमच्याबद्दल चांगले बोलावे, हे तुमच्या हातात आहे. त्या तिघांत एक तरी माणूस दुसऱ्या धर्माचा असू द्या. उद्या अफवा उठेल तेव्हा ‘मी याला ओळखतो’ असे म्हणत तोच मध्ये उभा राहील. आणि त्याच्याविषयी कुणी खोटे बोलले तर तुम्ही उभे राहा.

अल्लाह आपल्याला माणूस पाहण्याची नजर देवो. आमीन.