चौथ्या वर्षाची निवड
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही महाराष्ट्रात शिकलो तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. फलकावर नाव लागेल त्या वॉर्डात जावयाचे. त्यामुळे अमेरिकेतील चौथ्या वर्षाच्या इलेक्टिव्हविषयी घरात विचारावे असे कोणी नसते, ही आपल्या मुलांची अडचण आम्ही जाणतो.

२०२२ पासून स्टेप वनचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. साहजिकच इतर गोष्टींचे, त्यात शिफारसपत्रांचे, वजन वाढले. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरअखेर निवड करणाऱ्यांपुढे जातात. म्हणून सब-इंटर्नशिप जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी. परगावच्या रुग्णालयातील चार आठवडे, जेथे पुढे राहण्याची खरोखर इच्छा आहे तेथेच घ्यावेत. भाडे आणि प्रवास बहुधा आपल्याच खिशातून जातो!

पत्र मागताना आम्ही एका नामवंत प्राध्यापकांमागे धावलो. त्यांनी आम्हांला राउंडवर दोनदाच पाहिले होते. पत्र तीन ओळींचे आले. रोज सोबत असणाऱ्या तरुण डॉक्टरांकडे मागण्याचे आम्हांला सुचलेच नाही.

भावी सर्जनने एक महिना पॅलिएटिव्ह केअरला द्यावा. रेसिडेन्सीत ती उसंत क्वचितच मिळते.

पालकांना एक विनंती. मुलीने मानसोपचाराचे इलेक्टिव्ह घेतले म्हणून रुसू नका. आम्ही रुसलो होतो. दोन महिने तिने आमचा फोन उचलला नाही.