दहावीनंतरची विज्ञानाची वाट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात शिष्यवृत्ती समितीच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या बडोद्यास विज्ञानशिक्षण नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८९० साली येथे कलाभवन निघाले. हाताचे कौशल्य आणि शास्त्राचे ज्ञान यांची सांगड घालावी, हा त्यामागील हेतू होता. आज त्याचे स्मरण करण्यास कारण आहे.

दहावीस गुण चांगले पडले की मुलास ‘सायन्सला घालावयाचे’, एवढेच आपण घरी ठरवितो. पुढचा प्रश्न मात्र प्रवेशाच्या खिडकीपाशी घाईघाईने सुटतो. गुजरात बोर्डात विज्ञानशाखेचे गट पडतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र सर्वांसच असते. त्यांच्या जोडीस ‘ए’ गटात गणित, ‘बी’ गटात जीवशास्त्र आणि ‘एबी’ गटात दोन्ही. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांच्या पदवीस गणित लागते, वैद्यकास जीवशास्त्र व ‘नीट’ परीक्षा. सोळाव्या वर्षी भरलेला एक रकाना पुढची वाट ठरवितो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका घरातील मुलीने मैत्रिणींच्या संगतीने ‘ए’ गट घेतला. बारावीत उत्तम गुण मिळविले. पण तिला व्हावयाचे होते नर्स, आणि बी. एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र हवे! दहावीनंतर याच व्यासपीठावर आम्ही तिला बक्षीस दिले होते. ‘बाळ, पुढे काय शिकणार?’ असे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. त्या मुलीपेक्षा हा दोष आमचा अधिक आहे, हे आज कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट डिप्लोमाची. पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा मागे पडला, अशी आपली समजूत आहे. हिशेब करून पाहा. बारावीची दोन वर्षे आणि अभियांत्रिकी पदवीची चार, मिळून सहा. डिप्लोमाची तीन वर्षे झाल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आणखी तीन, तीही सहाच! शिवाय घरची परिस्थिती बिकट असेल, तर तीन वर्षांनंतर हातात कामाचे शिक्षण असते. कलाभवनाचा हेतू याहून वेगळा कोणता होता?

म्हणून विश्वस्तांपुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. गुणपत्रिका घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाशी व त्याच्या पालकांशी प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी समितीने तासभर बसून बोलावे. आणि आपल्या निधीतून डिप्लोमा व आय. टी. आय.च्या विद्यार्थ्यांसही विज्ञानशाखेइतकीच मदत मिळावी.

पालकांनाही एक सांगणे आहे. शेजारच्या मुलाने काय घेतले हे विचारण्याआधी आपल्या मुलास काय आवडते, हे विचारा. गुणांचा सत्कार आपण पन्नास वर्षे केला. यापुढे मुलांच्या निवडीलाही आधार देऊ या.