मिसेस डिसा आणि मंथरा



जुलै २०२३मध्ये तळेगावजवळच्या आंबीतून अभिनेते रवींद्र महाजनी बंद घरात एकटेच गेल्याची बातमी आली, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना आणखी एक बंद दार आठवलं असेल. २४ फेब्रुवारी १९९८ला अभिनेत्री ललिता पवार पुण्यात, औंधच्या घरी वारल्या. त्याही घरात एकट्याच होत्या, आणि कळायला वेळ लागला. अशा बातमीनंतर माणूस कसा गेला एवढंच लोक बोलत राहतात. बाईंनी त्याआधी साठ-सत्तर वर्षं काय केलं, ते मागं पडतं. आज त्या कामाबद्दलच बोलू.

येवल्याला १९१६ साली जन्म, पाळण्यातलं नाव अंबा. मूकपटांच्या जमान्यात, परकऱ्या वयात त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. बोलपट आले तेव्हा नायिका झाल्या, स्वतः गायल्या, 'दुनिया क्या है' हा चित्रपट स्वतः काढलाही. मग १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जरा जोरात बसली. चेहऱ्यावरून वारं गेलं, बराच काळ उपचार झाले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

थपडेनं नायिका गेली आणि खाष्ट सासू आली, ही गोष्ट आपण फार चवीनं सांगतो. मला ती अर्धीच वाटते. डोळा बारीक झाला म्हणून कुणी नट होत नाही. १९४४ला प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी ही बाई मराठी माणसाला पोथीइतकी पाठ; तिथं नुसते डोळे वटारून भागत नाही, महत्त्वाकांक्षा दिसावी लागते. पुढं शांतारामबापूंच्या 'दहेज'मधल्या सासूनं तर घराघरांतल्या सुनांच्या मनात धडकी भरवली. पण नीट ऐका. हो, ऐकाच, आपण रेडिओवर आहोत! बाईंची खरी कमाई आवाजात होती. शब्द चावून, शेवटचा जरा ओढून, मध्येच एकदम खाली आणून टाकायचा. टोमणा सगळेच मारतात. तो कुठं थांबवायचा हे त्यांना कळत होतं.

त्याच आवाजावर १९८७ला रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये मंथरा उभी राहिली. बाई तेव्हा सत्तरीच्या. रविवारी सकाळी अख्खी आळी एका टीव्हीपुढे बसायची ते दिवस. मंथरेचं काम तसं थोडं, पण कैकेयीचं मन तिनं वळवलं नाही तर राम वनवासाला जाणार कसा? सगळी कथा त्या कुबडीच्या जिभेवर तोललेली. पोराटोरांना ललिता पवार हे नाव ठाऊक नव्हतं, मंथरा मात्र पक्की ठाऊक झाली.

तरी मला विचाराल तर मी मंथरा बाजूला ठेवीन. 'श्री ४२०'मधली केळेवाली पाहा. मुंबईत नव्यानं आलेल्या भणंग पोरावर खेकसणारी आणि त्यालाच जीव लावणारी. भूमिका छोटी, पण फुटपाथवरची सारी माया तिच्यात आहे. आणि १९५९चा 'अनाडी'! त्यातली घरमालकीण मिसेस डिसा. येवल्याची ही मराठी बाई मुंबईची ख्रिस्ती म्हातारी होते, आणि तिच्या बोलण्याचालण्यात सोंग आणल्यासारखं काही वाटत नाही. भाडेकरू राज कपूरला तोंडानं फैलावर घेते, आणि जीव तर त्याच्यातच अडकलेला. भेसळीच्या औषधानं ती मरते तेव्हा कथेचा कणाच मोडतो.

फिल्मफेअर पारितोषिक मिळालं ते याच भूमिकेला. कुठल्या सासूला नव्हे. 'अनाडी'चे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींनी हे बरोबर ओळखलं होतं. १९६१ला 'मेमदीदी' काढला तेव्हा शीर्षकभूमिका त्यांनी बाईंनाच दिली. आणि १९७१च्या 'आनंद'मध्ये त्यांना इस्पितळाची मेट्रन केलं, तेव्हा आडनाव पुन्हा ठेवलं डिसाच.