थेंबाचे माप



डहाणू तालुक्यात सरावलीच्या एका चिकूवाडीत मी फवारणी पाहत उभा होतो. झाडे उंच, म्हणून नळीचे तोंड आभाळाकडे. दुपारचा खारा वारा सुटला आणि धुक्यासारखा फवारा कुंपणापलीकडच्या घराकडे सरकला. अंगणात पोरं खेळत होती. फवारणारा गडी मला म्हणाला, "मास्तर, फवारा जितका बारीक तितका चांगला ना?"

त्याचे निम्मे खरे होते. थेंबाचा व्यास निम्मा केला, की तेवढ्याच पाण्याचे आठ थेंब होतात आणि पान अधिक झाकले जाते. पण शंभर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा थेंब स्थिर हवेत तीन मीटर उतरायला दहा-अकरा सेकंद घेतो. वीस मायक्रॉनचा थेंब चार मिनिटे! तेवढ्यात वारा त्याला कुठच्या कुठे नेतो. उलट, फार मोठा थेंब पानावरून ओघळून मातीत जातो.

आता तुम्ही म्हणाल, एवढासा थेंब मोजायचा कसा? पाणी लागताच पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. तो पानांत टाचावा, फवारावे आणि डाग पाहावेत. मात्र डाग थेंबाहून मोठा असतो. शाळेत एक जुनी रीतही करता येईल. शिक्षकांनी मॅग्नेशियमची फीत जाळून तिच्या धुराचा पांढरा, जाडसर थर काचपट्टीवर धरावा. ज्योतीकडे थेट पाहू नये. मग साध्या पाण्याचा फवारा त्यावर पडू द्यावा. थेंब खळगा पाडतो. सूक्ष्मदर्शकाखाली खळग्याचा व्यास मोजून ०.८६ ने गुणला, की थेंबाचा व्यास आला.

पण साधी सरासरी काढाल तर फसाल. दोनशे मायक्रॉनच्या एका थेंबात वीस मायक्रॉनच्या हजार थेंबांइतके पाणी असते. म्हणून ज्या मापाच्या खाली निम्मे पाणी आणि वर निम्मे, ते माप धरतात.

सूक्ष्मदर्शक नसला, तरी बादली आहेच. त्याच दाबाने एक मिनिट पाणी धरा. नव्या नोझलपेक्षा दहावा हिस्सा जास्त आले, तर नोझल झिजले, ते बदला.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे दगावली. कारणे अनेक होती. अंगावर येणारा फवारा हे त्यांतले एक.

त्या गड्याला मी एवढेच सांगितले, "दाब कमी कर, वारा पडू दे, आणि आधी पोरांना आत बोलवायला सांग." त्याने पंप बंद केला. तुम्हीही तेवढे करा.